दान मिळालेलं जुनं इंजिन संग्रहालयापर्यंत न्यायचं कसं?

[समोर लोखंडी घोडीवर बसवलेलं चार सिलिंडरचं जुनं इंजिन]

जुनं इंजिन प्रवासात बिघडलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा नुकसान ट्रक सुरू व्हायच्या आधीच झालेलं असतं. कुणीतरी ते चुकीच्या जागी धरून उचललेलं असतं, नाहीतर चेंबरवर, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्यावर, टेकवून ठेवलेलं असतं. म्हणून आजच्या व्हिडिओत ट्रकपेक्षा उचलणं आणि बसवणं यावर जास्त बोलणार आहे.

त्याआधी कागदपत्रं, थोडक्यात. दानपत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय इंजिन हलवू नका. इंजिन नंबर जसा दिसतो तसा लिहा आणि त्याचा जवळून फोटो काढा. नंबरावर रंग किंवा मळ असेल तर तो खरवडायचा नाही. बाजूने तिरका प्रकाश टाकला की बहुतेक नंबर वाचता येतात. मग चारही बाजूंनी, वरून आणि जमल्यास खालून फोटो घ्या. आधीपासून असलेली प्रत्येक चीर आणि तुटलेला प्रत्येक कान (इंजिन गाडीला बसवायचा बाहेर आलेला भाग) यादीत आला पाहिजे. नाहीतर पोहोचल्यावर ही चीर कुठली, यावर वाद ठरलेला.

आता आतलं पाणी, तेल, पेट्रोल. पाणी काढताना रेडिएटरचा नळ उघडून थांबू नका, ब्लॉकच्या बाजूचा स्वतंत्र नळ किंवा बूचही उघडा. तिथे गाळ घट्ट बसलेला असतो. पाणी आलं नाही म्हणजे आत पाणी नाही असं होत नाही. मऊ तार घालून भोक मोकळं करा. जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, उरलेलं पाणी थंडीत गोठलं तर बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक फुटतो, आणि उष्ण हवेत तेच पाणी बंद खोक्यात वाफ होऊन सगळीकडे गंज चढवतं.

तेलही काढायचंच. बऱ्याच जुन्या इंजिनांत क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सील नसतं. तेल परत आत ढकलणारे आटे किंवा तेल उडवणारी चकती असते, आणि ती क्रँक फिरत असतानाच काम करते. इंजिन जरा तिरकं झालं की तेल बाहेर. काढलेल्या तेलाचा छोटा नमुना बाटलीत भरून, चिठ्ठी लावून सोबत द्या. त्यातल्या धातूच्या कणांवरून बेअरिंगच्या स्थितीचा अंदाज येतो. कार्ब्युरेटरचं भांडं आणि पेट्रोलची नळी रिकामी करा. इंजिन समुद्रमार्गे जाणार असेल तर पेट्रोलवर चालणारं इंजिन हा घातक माल धरला जातो, संयुक्त राष्ट्रांच्या घातक मालाच्या यादीत त्याचा क्रमांक यूएन ३५२८. ते किती रिकामं केलं आहे यावर कागद आणि लेबलं ठरतात, म्हणून वाहतूकदाराला आधीच विचारा.

धुवायचं मात्र नाही. प्रेशरचं पाणी नको, डिझेलने पुसणंही नको. मूळ रंग, कारखान्याच्या खुणा, जुन्या दुरुस्तीची ठिगळं हे सगळं संग्रहालयाला हवं असतं. आणखी एक: क्रँक फिरतो का हे बघायला हँडल मारू नका. आत पिस्टनच्या गंजलेल्या रिंगा असतात आणि एका झटक्यात सिलिंडरवर ओरखडा उठतो.

[क्लोज-अप: एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवती गुंडाळलेली पांढरट दोरी]

ही दोरी किंवा पट्टी अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) तांब्याचं पॅकिंग आणि क्लचची प्लेट, यांतही ते असतं. त्याची धूळ श्वासात जाणं घातक, म्हणून हवा मारायची नाही, घासायचं नाही. तो भाग जाड प्लास्टिकमध्ये बंद करून त्यावर ठळक लिहा.

आता मुख्य काम, उचलणं. जुनं इंजिन कुठे धरायचं हे ज्याने ते ओतलं त्यानेच ठरवून ठेवलंय: गाडीत ते ज्या कानांवर बसतं तेच कान. पण त्या कानांची घडणही बघायला हवी. फोर्ड मॉडेल टी, १९०८ ते १९२७, २.९ लिटरचं इंजिन. यात इंजिन, फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) आणि गिअर एकाच सांगाड्यात असतात आणि खालचा चेंबर पत्र्याचा दाबून केलेला असतो. मागचे दोन हात त्या पत्र्याला रिव्हेट केलेले. फक्त त्या हातांवर झटका दिला तर हात वाकतात, चेंबर पिळवटतो आणि तेल गळायला लागतं. याच्या फ्लायव्हीलवर मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राची, १६ चुंबकं असतात, त्यामुळे त्या टोकाला वजन जास्त येतं.

दुसरं उदाहरण रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. सहा सिलिंडर, तीन-तीनचे दोन ब्लॉक, खाली अ‍ॅल्युमिनियमचा क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्यात बसतो तो सांगाडा. हेड ब्लॉकमध्येच ओतलेलं, सुटं होत नाही. म्हणजे नव्या इंजिनासारखं हेडचे स्टड पकडून उचलण्याचा प्रश्नच मिटला. इथे पट्टे क्रँककेसच्या कानांखालून घ्यायचे आणि वर आडवी लोखंडी दांडी लावायची.

ही आडवी दांडी मी कुठल्याच इंजिनाला वगळणार नाही. हिशोब सांगतो. ३०० किलोचं इंजिन दोन पट्ट्यांवर लटकवलं आणि पट्टे जमिनीशी ६० अंशात असले तर प्रत्येक पट्ट्यावर साधारण १७३ किलो येतात. तेच ३० अंशावर आणले तर प्रत्येकावर पूर्ण ३०० किलो, आणि शिवाय दोन्ही बाजूंनी आतल्या दिशेने सुमारे २६० किलोचा दाब. हा दाब पितळी नळ्यांवर, वायरिंगवर, पातळ फासळ्यांवर पडतो. दांडी लावली की पट्टे सरळ खाली येतात आणि हा दाब जातो.

बोल्ट लावून उचलायचं असेल तर आधी आटे ओळखा. जुन्या ब्रिटिश इंजिनांवर व्हिटवर्थ आटे असतात, ५५ अंशांचे. मेट्रिक आणि अमेरिकन आटे ६० अंशांचे. अर्धा इंची बोल्टमध्ये व्हिटवर्थला इंचात १२ आटे, अमेरिकन जाड आट्याला १३. दोन-तीन फेरे सहज जातात, मग अडतं, आणि हौशी माणूस पाना लांब करतो. आटे गेलेच म्हणून समजा. बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. बीडात बोल्ट त्याच्या व्यासाच्या किमान दीडपट आत जायला हवा, अ‍ॅल्युमिनियममध्ये दुप्पट. स्पार्क प्लगची भोकं, पाण्याचा पाइप, मॅनिफोल्डचे स्टड या उचलायच्या जागा नाहीत.

उचलताना कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर यांना तर हातही लावू नका. जुन्या जस्ताच्या ओतीव भागांत शिशाची भेसळ असेल तर धातू आतून फुगतो, चिरतो आणि दाबला की तुकडे पडतात. बाहेरून तो ठणठणीत दिसतो. मॅग्नेटो सुटा न्यायचा असेल तर अखंड न्या. आतला आर्मेचर (चुंबकांमध्ये फिरणारा तारांचा भाग) काढला आणि चुंबकाच्या टोकांना लोखंडी पट्टी दिली नाही तर चुंबक कमजोर होतो.

पहिल्यांदा इंजिन २० ते ३० मिलिमीटरच उचला आणि थांबा. कुठे झुकतंय बघा, खाली ठेवा, पट्टा सरकवा, पुन्हा उचला. इंजिन क्रेनच्या हातावर दोन टन लिहिलेलं असतं ते हात सर्वांत आखूड असताना. पूर्ण लांबवला की अनेक क्रेनवर अर्धा टनच उरतो.

[लाकडी चौकटीचा शॉट]

चौकट जाड लाकडाची, खाली दोन धावपट्ट्या, वर इंजिनच्या कानांच्या मापाचे लोखंडी स्टँड. कानांवर बोल्ट, चेंबर हवेत मोकळा. चेंबरखाली आधार म्हणून लाकूड ठोकायचा मोह होतो. ठोकू नका, खड्ड्यात सगळा धक्का त्याच लाकडावर येतो. दुसऱ्या देशात पाठवायचं असेल तर लाकडाला आयएसपीएम १५ ची खूण हवी, म्हणजे कीड मारायला लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं तापवलेलं. प्लायवूडला ती लागत नाही, पण धावपट्ट्यांच्या लाकडाला लागते. बंद खोक्यात ओकचं लाकूड नको, त्यातून निघणारं आम्ल शिशाला आणि जस्ताला खातं.

भोकं बुजवायला चिंध्या वापरू नका. त्या ओल धरतात आणि आतच विसरल्या जातात. भडक रंगाची प्लास्टिकची बुचं लावा, प्रत्येकाला चिठ्ठी बांधा, मोजून यादी करा. रंगावर चिकटपट्टी लावली तर काढताना रंग घेऊनच निघते. गंजरोधक कागद वापरणार असाल तर तो कोणत्या धातूसाठी आहे ते वाचा. लोखंडाचा कागद पितळ-तांब्याला चालतोच असं नाही. प्लास्टिक घट्ट गुंडाळलं तर आत ओल शोषणाऱ्या पुड्या हव्यातच.

ट्रकमध्ये चौकटीखाली न घसरणाऱ्या रबराच्या चटया टाका. बॉल किंवा रोलर बेअरिंगवर क्रँक असलेल्या इंजिनांना, उदाहरणार्थ बुगाटी टाइप ३५, याचा आणखी उपयोग आहे. क्रँक न फिरता नुसता थरथरत राहिला की गोळ्यांच्या जागी खड्डे पडतात. पट्टे इंजिनवरून नाही, चौकटीवरून बांधायचे. ब्रेकच्या वेळी पुढे वजनाच्या ०.८ पट आणि वळणावर बाजूला ०.५ पट जोर धरून बांधणी करतात. म्हणजे ४०० किलोच्या खोक्याला पुढे ३२० किलो थोपवणारं काहीतरी हवं. हौद्याच्या पुढच्या भिंतीला खोका टेकवला की अर्धं काम होतं. थोडं अंतर गेल्यावर पट्टे पुन्हा ताणा, ते सैल होतातच.

पोहोचल्यावर खोका लगेच उघडू नका. थंड लोखंडाला उबदार हवा लागली की त्यावर पाणी सुटतं. एक दिवस तसाच राहू द्या, मग उघडा आणि निघतानाचे फोटो शेजारी धरून एकेक भाग तपासा. बुचं काढू नका. ती संग्रहालयाच्या माणसाने यादीशी ताडून, आत काय आहे ते टॉर्चने पाहूनच काढायची.