परसातल्या विहिरीचे पाणी

कोकणात जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसांनंतर परसातल्या विहिरीचे पाणी दिवसादिवसाला वर चढते आणि मे महिन्यात तळाला टेकणारा पोहरा आता चार-पाच हातांवरच बुडतो. घरच्या माणसांना हायसे वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे. मात्र या पाण्याकडे संशयाने पाहायचे दिवसही हेच असतात.

कोकणच्या जमिनीतला जांभा दगड सच्छिद्र आणि भेगाळ असतो. पावसाचे पाणी त्यातून भराभर खाली उतरते आणि वाटेत गोठ्यातले शेणमूत, शोषखड्ड्यातले पाणी, जे भेटेल ते विहिरीपर्यंत घेऊन येते. मातीच्या जाड थरातून सावकाश झिरपताना पाणी जसे गाळले जाते, तसे येथे गाळले जात नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर दूर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. जांभ्याच्या जमिनीत तेवढ्यावर निर्धास्त राहू नये, अंतर जमेल तितके वाढवावे आणि खड्डा उताराच्या खालच्या अंगाला घ्यावा.

काही घाण वरूनही येते. कठडा ठेंगणा असला, भोवतीच्या ओट्याला तडे गेले असले, तर कपडे धुतलेले पाणी पुन्हा विहिरीतच मुरते. ओटा सभोवती मीटरभर रुंद आणि बाहेरच्या बाजूला उतरता असावा. पोहरा जमिनीवर टेकवून तोच पुन्हा विहिरीत सोडण्याची सवय मात्र कोणत्याही बांधकामाने सुटत नाही.

भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू आढळता कामा नये. तो डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. नितळ पाण्यातही तो असू शकतो.

निर्जंतुकीकरणासाठी गावोगावी टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, वापरतात. पण बहुतेक घरी ती अदमासाने, मूठभर टाकली जाते. हिशेब खरे तर अवघड नाही. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग ०.७८५ ने गुणावे, म्हणजे घनमीटर मिळतात. एका घनमीटरात १,००० लिटर पाणी असते आणि तेवढ्याला चांगल्या प्रतीची सुमारे २.५ ग्रॅम पावडर लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २८,००० लिटर भरते आणि त्याला ७० ग्रॅम पावडर पुरते. त्याच विहिरीत मे महिन्यात मीटरभर पाणी उरते, तेव्हा १८ ग्रॅम पुरतात. दोन्ही वेळी मूठ मात्र तीच असते.

ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते आणि दमट हवेत ते उडून जाते. पावसाळाभर उघड्या पिशवीत राहिलेली पावडर मोजून टाकली, तरी तो हिशेब कागदावरच राहतो. म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवावी.

पावडर थेट विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात ती कालवावी, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे आणि दहा मिनिटे निवळू द्यावे. तळाचा चुन्यासारखा साका टाकून द्यावा. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्याच्या पृष्ठभागाखाली सोडावी आणि औषध सगळीकडे मिसळेपर्यंत खालीवर हलवावी. त्यानंतर निदान एक तास पाणी उपसू नये; रात्रीची वेळ म्हणूनच सोयीची. पाणी गढूळ असेल, तर गाळच क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी ते उरत नाही.

क्लोरीन आणि उकळी, दोन्ही जंतूंवर चालतात. खतांतून किंवा मैल्यातून उतरलेल्या नायट्रेटवर चालत नाहीत. उलट, पाणी उकळून आटले, की त्याचे प्रमाण वाढते. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यासाठी पाणी तपासूनच घ्यावे लागते.

सकाळी पहिला पोहरा वर आला, की त्यातले थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकतात. पाणी पिवळे झाले, तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही, तर ते पाणी भांडी-धुण्याला वापरावे आणि रात्री पुन्हा मात्रा द्यावी.