घाट, शहर आणि क्लचची वायर

श्रोतेहो, नमस्कार.

मोटारसायकलची हौस असलेला माणूस बोलायला बसला की ऐकणाऱ्यांना लडाख, बर्फ आणि उंच खिंडी यांची अपेक्षा असते. माझे वर्ष तसे जात नाही. मी मुलुंडला राहतो, अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरीला जातो, आणि माझ्या गाडीची वर्षभरातली बहुतेक धाव जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, म्हणजे आपण सारे ज्याला जेव्हीएलआर म्हणतो त्या रस्त्यावर, मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांना चिकटून होते. सुट्टी मिळाली तर समुद्र, नाहीतर घाट. एवढ्या वर्षांच्या भटकंतीनंतर माझे एक मत पक्के झाले आहे आणि आजचे भाषण त्याच मताविषयी आहे. गाडी घाटात बिघडली असे आपण सांगतो. वास्तविक ती शहरात बिघडलेली असते, घाटात ते फक्त उघडकीला येते. पुन्हा सांगतो, कारण पुढच्या हकिकतीत ते उपयोगी पडेल: गाडी बिघडते ती शहरात.

थंडीचे दिवस मी कोकणासाठी राखून ठेवतो. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. तिच्यात गाडी चढवली की सुमारे तासाभरात आपण पनवेल आणि पेण यांच्या गर्दीला वळसा घालून अलिबागच्या वाटेला लागलेले असतो. तिथून रेवदंडा, मुरूड, आगरदांडा. आगरदांड्याला पुन्हा बोट, पलीकडे दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याला आणखी एक बोट, ती वेश्वीला उतरवते. हा रस्ता अरुंद आहे, वळणावळणाचा आहे आणि म्हणूनच दुचाकीचा आहे. एरवी आम्हां दुचाकीवाल्यांना मुंबईत सागरी सेतू बंद, कोस्टल रोड बंद, 2024 साली सुरू झालेला अटल सेतू बंद, पुण्याचा द्रुतगती मार्ग तर पहिल्यापासून बंद. सुरक्षिततेची कारणे मला समजतात. तरीही ज्या शहरात निम्मे लोक दुचाकीवर पोटापाण्याला निघतात असे वाटते, तिथे प्रत्येक नवा रस्ता चार चाकांसाठीच का बांधला जातो, हा प्रश्न मी विचारत राहणार. असो. कोकणातून परतल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवावी, चेन पुसून तिला नव्वद नंबरचे गियर तेल द्यावे. खारी हवा चेन आणि स्पोक यांना सोडत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

नंतर येतो पाडवा. गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी सगळीकडे छापून येतात. लोक फेट्याकडे आणि नथीकडे पाहतात. मी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहतो, कारण इंजिन चाकापासून सोडवणाऱ्या क्लचचा लिव्हर त्या हातात असतो. चैत्राच्या उन्हात, माणसाच्या चालीने, तासन् तास अर्ध्या क्लचवर ती जड गाडी सांभाळणे हे घाट चढण्यापेक्षा अवघड काम आहे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो आणि मिरवणुकीत वारा मिळत नाही. शिवाय क्लच सतत अर्धा दाबलेला, म्हणजे त्याच्या प्लेटा एकमेकींवर घासत राहणार. आपल्या शहरात कामावर जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीस्वाराची रोज सकाळी अशीच मिरवणूक निघते, फरक इतकाच की त्याला ढोल-ताशे नसतात.

आता हकिकत. ती सांगण्यासाठीच मी आज इथे आलो आहे, हे मी लपवून ठेवत नाही.

श्रावणातला दिवस, आणि तोही आठवड्याच्या मधला. माळशेज घाटात मी रविवारी जात नाही. धबधब्याखाली मोठ्याने गाणी लावून नाचणाऱ्यांना पाहण्यापेक्षा माणसाने घरी बसून भजी खावीत. मागे माझी पत्नी, दोघांच्याही डोक्यावर आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट, अंगावर रेनकोट. पहाटे निघून कल्याण, मुरबाड, सरळगाव असे करत टोकावड्याला चहा घेतला. भाताची लावणी उरकली होती आणि खाचरांतून नाणेघाटाकडचा डोंगर ढगांत बुडालेला दिसत होता. चहानंतर निघालो तेव्हा क्लचचा लिव्हर हाताला किंचित खरखरीत लागला. जवळची जादा वायर आदल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याच्या गाडीला लागली होती. पुढे चार-सहा किलोमीटरवर म्हशींचा कळप आडवा आला, मी क्लच दाबला आणि टक्क असा आवाज होऊन लिव्हर हँडलला जाऊन टेकला. गाडी एक गचका देऊन जागच्या जागी बंद. म्हशी आमच्याकडे न पाहता निघून गेल्या.

क्लचशिवाय गाडी चालवता येते. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करायचे, गाडी ढकलत पळायचे, चाक फिरू लागले की पहिला गियर टाकून वर बसायचे आणि पुढचे गियर ॲक्सिलरेटर सोडून अलगद बदलायचे. एकट्या माणसाला हे जमते. मागे बसणाऱ्याला मात्र धावत्या गाडीवर चढावे लागते. हे मी पत्नीला समजावून सांगितले. तिने शांतपणे रेनकोटची टोपी सारखी केली आणि म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी एसटीने येते."

तेव्हा आम्ही दोघांनी गाडी ढकलायला सुरुवात केली. एका वाडीच्या तोंडाशी गणपतीचा मांडव उभा राहत होता आणि बांबूच्या शिडीवर एक तिशीतला वायरमन माळा बांधत होता. त्याने वरूनच विचारले, "काका, काय झालं?"

"क्लचची वायर तुटली."

"वरून का खालून?"

या एका प्रश्नावर मला कळले की आपण योग्य माणसापाशी आलो आहोत. लिव्हरच्या बाजूला, वायरीच्या टोकाला धातूची गोल गोटी असते. ती लिव्हरच्या खोबणीत बसते आणि दाबताना तिथे फिरते. ती कोरडी पडली की फिरायची थांबते, मग प्रत्येक दाबाला तारच वाकते आणि एकेक पदर तुटत जातो. इंजिनकडच्या टोकाला तुटली तर प्रकरण वेगळे. माझी वरून तुटली होती, गोटीच्या अगदी गळ्याशी.

"मग होतंय," असे म्हणून तो खाली उतरला. त्याने पिशवीतून दिव्यांच्या वायरी जोडण्याची प्लास्टिकची कनेक्टर पट्टी काढली, ब्लेडने तिचा एक तुकडा कापला आणि वरचे प्लास्टिक सोलून टाकले. आत राहिली ती बोटाच्या पेरापेक्षाही लहान, दोन स्क्रूंची पितळी नळी. ती हातात धरून तो लिव्हरची खोबण निरखत होता, तेवढ्यात मंडळाचा एक पोरगा पुढे आला. वय फार तर सोळा, पण हातात पावतीपुस्तक.

"दादा, ती पट्टी मंडळाची आहे. वर्गणीतून आणली आहे."

वायरमन म्हणाला, "अरे, एक तुकडा आहे."

"तुकडा असला तरी हिशेबाला लागतो."

माझी पत्नी हिशेब तपासण्याचेच काम करते. तिने त्या मुलाकडे अशा काही कौतुकाने पाहिले की तसे माझ्या वाट्याला क्वचित आले असेल. तिने एकशे एक रुपये काढून दिले. मुलाने नाव विचारले; मी सांगायच्या आतच वायरमन म्हणाला, "लिही, मुलुंडकर काका." पावतीवर तेच नाव आहे, खाली सही-शिक्क्यासह.

नळीत तार घालून स्क्रू आवळले, लिव्हर दाबला आणि तार सटकली. दुसऱ्या वेळी त्याने घाई केली नाही. तारेचे विस्कटलेले पदर पीळ देऊन एकत्र केले, टोक नळीतून बाहेर काढून दुमडले आणि पुन्हा आत खुपसले, म्हणजे स्क्रूखाली दुहेरी तार आली. मग टेस्टरने दोन्ही स्क्रू बसतील तितके बसवले. नळीची एक बाजू खोबणीत अडकत होती. त्याने सगळे परत बाहेर काढले, नळी मांडवाशेजारच्या दगडी कट्ट्यावर थुंकी लावून घासली, नखाने चाचपली, आणखी घासली, आणि मगच बसवली. तार तुटून आखूड झाली होती, म्हणून लिव्हरपाशी आणि इंजिनपाशी असलेल्या दोन्ही ठिकाणच्या ॲडजस्टरचे नट पूर्ण आत फिरवून तिला ढील दिली. "आता दाबा. जोरात नको." मी दाबला. क्लच सुटला.

पैसे त्याने घेतले नाहीत. पावती फाडली आहे, असे त्याचे म्हणणे पडले. पत्नी म्हणाली, आता इथूनच मागे फिरू. तो म्हणाला, "वहिनी, वरपर्यंत जाऊन या. घाटात क्लच लागतो किती? गाडी गियरवर चढते, गियरवर उतरते. ही वायर तुमच्या मुंबईत तुटलेली आहे, इथं फक्त सुटली."

हे वाक्य माझे नाही, श्रोतेहो, त्याचे आहे, आणि मी ते तेव्हापासून स्वतःचे असल्यासारखे वापरत आलो आहे. आम्ही वर गेलो. बोगद्याजवळ धुके इतके दाट होते की समोरच्या एसटीचा फक्त आवाज आला, एसटी नंतर आली. कड्यावरून पडणारे पाणी वाऱ्याने उलटे वर फेकले जात होते. तासभर थांबून घाट उतरलो, मुरबाड ओलांडले, कल्याणच्या कोंडीत अर्धा तास अडकलो. पितळी नळी जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी माझी पाळी नऊची आणि मेकॅनिकचे दुकान दहाला उघडणारे, म्हणून तशीच गाडी घेऊन कामावर निघालो. विक्रोळीपासून पवईपर्यंत क्लच किती वेळा दाबला हे कुणीही मोजू नये. आयआयटीच्या फाटकासमोर, सिग्नल हिरवा झाल्याबरोबर, तार नळीतून सटकली. माळशेज घाट ज्याने चढवला आणि उतरवला, त्या तुकड्याला जेव्हीएलआरने एका सकाळीत हरवले.

संध्याकाळी मेकॅनिकने नवी वायर घातली आणि तो पितळी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "कोणी केलं हे?" असे त्याने विचारले. मांडवाच्या वायरमनने, असे सांगितल्यावर त्याने तो फेकला नाही, टूलबॉक्समध्ये टाकून मला परत दिला.

भाषणाचा वेळ संपत आला आहे, तेव्हा उरलेले थोडक्यात. पावसाळ्याच्या पहिल्या सरीला रस्त्यावरचे तेल आणि धूळ एक होऊन रस्ता निसरडा होतो. तो अर्धा-पाऊण तास शक्यतो आडोशाला काढावा. पेव्हर ब्लॉक आणि खड्ड्यांवर टाकलेले लोखंडी पत्रे ओले असतील तर त्यांवर ब्रेक लावू नये, गाडी सरळ ठेवून पार व्हावे. एप्रिल 2019 पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे, ते ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ देत नाही. पण खडीवर किंवा चिखलात गाडी लवकर थांबेल असे त्यावरून कुणी समजू नये. आणि पावसाळी सहलीला निघताना सायलेन्सर बदलून फटाके वाजवणाऱ्यांनी आमच्या इमारतीखालून जाऊ नये, एवढी एक वैयक्तिक विनंती.

राहता राहिली वायर. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून आपण पूजा करतोच. त्या दिवशी हार घालण्याआधी क्लचच्या लिव्हरवरचे रबर मागे सारून आत पाहावे. तारेचा एखादा पदर तुटून बाहेर आलेला दिसला तर ती वायर महिनाभरही चालवू नये. गोटीला ग्रीस लावावे. लिव्हरला बुडाशी साधारण दोन-तीन मिलिमीटर ढील राहू द्यावी. नंतर इंजिन सुरू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून पाहावे. इंजिनाचा आवाज वाढला किंवा क्लच घट्ट लागला तर वायर कुठेतरी ताणली जात आहे. नवी वायर घालताना मेकॅनिककडून तिच्या शेजारूनच दुसरी नवी वायर ओवून चिकटपट्टीने बांधून घ्यावी, तिची दोन्ही टोके प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावीत. पहिली तुटली की दोन टोके काढून दोन टोके बसवायची, टाकी उतरवावी लागत नाही. वायरची किंमत किरकोळ असते, आणि मेकॅनिक कुरकुरला तर कुरकुरू द्यावे.

नमस्कार.