कथील, शिसं आणि दातातली तार

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या पेठांमधून कल्हईवाला फिरायचा, ते पुष्कळांना आठवत असेल. भांडं तापलं की नवसागराची चिमूट आणि मग कथलाचा तुकडा. माझी आजी त्याच्या डोक्यावर उभी राहून म्हणायची, "कथील चोख घाल हं, शिसं मिसळलेलं नको." शिसं अन्नात उतरतं, हे तिला शाळेत न जाता ठाऊक होतं.

आणि मी? मी तीस वर्षं तेच दोन्ही धातू हाताळतोय. मंगळवार पेठेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ, टीव्ही, इन्व्हर्टर. आमची डाख द्यायची, म्हणजे वितळवून बोर्डावरचे सुटे भाग जोडायची तार, साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं. एका हातात सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्यात बोर्ड, मग तार धरायची कुठं? दातात. वर्षानुवर्षं धरली. दुपारी त्याच हातांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आठवलं की अंगावर काटा येतो.

लोकांना वाटतं, शिसं धुरातून जातं. आयर्नच्या उष्णतेला शिशाची वाफ फारशी होत नाही. तो धूर तारेतल्या राळेचा असतो, आणि राळेनं दमा लागतो, म्हणून तोही नकोच. शिसं जातं बोटांवरून, टेबलावरच्या धुळीतून, तोंडात. कपड्यांवरून घरी पोचतं आणि रांगत्या पोराच्या हाताला लागतं. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची अमुक इतकी मात्रा चालते, अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनासुद्धा सांगत नाही.

म्हणून युरोपनं 1 जुलै 2006 पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधल्या शिशावर बंधन घातलं. आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम मे 2012 मध्ये लागू झाले. शिशाची मर्यादा दोन्हीकडे 0.1 टक्का. आता नव्या बोर्डांवर बहुधा कथील, तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं.

पण हा बदल फुकट झालेला नाही. शिशाची चांगली डाख 183 अंशांना वितळायची, ही 217 च्या पुढं. म्हणजे कारखान्यातल्या भट्ट्यांना वीज जास्त. चांदीसाठी डोंगर फोडायचे. कथलासाठी इंडोनेशियाच्या बांका बेटाभोवती समुद्राचा तळ उपसतात, तिथली प्रवाळं आणि मासेमारी त्यात मरते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं 2005 मध्ये दोन्ही डाखांचा खाणीपासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला. विजेच्या आणि चांदीच्या बाबतीत नवी डाख जड गेली, विषाच्या बाबतीत शिशाची डाख फार वाईट ठरली. माझं मत विचाराल तर शिसं गेलं ते बरंच झालं. पण डब्यावर 'लेड-फ्री' छापलं म्हणजे निसर्गाचं काहीच गेलं नाही, असं मी कुणाला सांगणार नाही.

आणि जुनं शिसं अजून आपल्या घरातच आहे. माळ्यावरच्या जुन्या डबा टीव्हीच्या काचेतच किलोभर तरी असेल. तो भंगारात जातो, कुणीतरी काच फोडतो, तांब्यासाठी वायरी जाळतो. तो धूर आपल्याच वस्तीत उतरतो. असा माल नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच पोचवा. उकिरड्यावर नको, आणि जाळू तर मुळीच नका.

दुरुस्तीवाल्या भावांनो, एक विनंती. शिशाशिवायच्या बोर्डाला शिशाची तार लावू नका. आयर्नचं तापमान थोडं वाढवा, बिट, म्हणजे आयर्नचं टोक, स्वच्छ ठेवा, नाहीतर ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, होऊन तोच बोर्ड महिन्यात परत येतो. आणि जेवणाआधी हात साबणानं.

परवा माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरानं तार दातात धरली. मी ती तिथंच काढून घेतली आणि त्याच संध्याकाळी बोर्ड धरायचा स्टँड आणून त्याच्या टेबलाला बसवला.