बारा टोपल्या आणि एक भंगारवाला

(जळगावच्या एका ख्रिस्ती मंडळीत कापणीच्या सणानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पाळकसाहेब आणि बंधू-भगिनींनो,

पाच भाकरी आणि दोन माशांवर प्रभू येशूने पाच हजार माणसं जेवू घातली, ही गोष्ट संडे स्कूलच्या लेकरांनाही पाठ आहे. चमत्कार झाला की आपली गोष्ट संपते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात मात्र ती पुढे चालते. सगळे पोटभर जेवल्यावर प्रभू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि बारा टोपल्या भरतात. ज्याला हवं तेवढं अन्न निर्माण करता येतं, तो उष्ट्या-उरल्याची काळजी करतो! पर्यावरणावर बोलायला मला दुसरं वचन लागत नाही.

आता आपल्या प्रीतिभोजनाकडे या. तरुण संघाने आवारात ओल्या कचऱ्याला हिरवा आणि सुक्याला निळा डबा ठेवलाय, छान केलं. 2016 च्या घनकचरा नियमांनीच ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं बंधनकारक केलं होतं. पण निळ्या डब्याची खरी परीक्षा भंगारवाला घेतो. तो पाण्याच्या बाटल्या उचलतो, पुठ्ठा उचलतो, तेलाचा रिकामा डबा उचलतो. चहाचे कागदी ग्लास तिथेच टाकून जातो. का? एक ग्लास उभा फाडा आणि आतली कड नखाने खरवडा. प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा सुटून येईल. चहा झिरपू नये म्हणून तो असतो, आणि त्याच्यामुळेच हा ग्लास ना रद्दीत चालतो, ना खताच्या खड्ड्यात नीट कुजतो. कागदी म्हणून आपण मोठ्या समाधानाने आणतो.

जळगावकरांना खरं तर हे सांगायला नको. इथल्या चटया कशापासून होतात, तुम्हाला ठाऊक आहे. जुनं प्लॅस्टिक निवडायचं, धुवायचं, दळायचं, वितळवून त्याचा दाणा करायचा, दाण्यातून धागा ओढायचा, मग विणकाम. माल घाण आला की धागा तुटतो, म्हणून घाण मालाला भाव नाही. आणि निवडायच्या कामाला बऱ्याच ठिकाणी बायाच बसलेल्या असतात. आपण वरणाने बरबटलेली पिशवी निळ्या डब्यात टाकतो, तेव्हा आपल्या उष्ट्यात त्यांचा हात जातो. बाटली विसळून टाकायला अर्धा पेला पाणी पुरतं. शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणतो ना आपण?

स्टीलची ताटं घ्या म्हटलं, तर महिला मंडळातल्या मावशी विचारणार, घासणार कोण आणि पाणी कुठून आणणार? रास्त प्रश्न आहे. नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात तर विचारूच नका. मग रावेर-यावल इतकं जवळ असताना केळीचं पान का नको? सातपुड्याकडची पळसाची पत्रावळ का नको? थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी लग्नात ती दिसतातच. ताटंच वापरायची ठरली, तर घासायला पुरुषांनी बसावं. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, आपल्याला ताटं जड जाऊ नयेत.

शेतकरी बांधवांना थोडक्यात सांगतो. ठिबकच्या फाटक्या नळ्या आणि केळीच्या घडांवरच्या स्कर्टिंग बॅगा बांधावर पेटवू नका. नळ्या भंगारात विकल्या जातात. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या मात्र या मालात कधीच मिसळू नका, आणि पाणी भरायला तर कुणालाच देऊ नका.

राहिला नाताळचा देखावा. सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, आणि तसंही बेथलेहेमच्या गोठ्यात थर्माकोल नव्हतं. कपाशीच्या पऱ्हाट्या आपण शेतात जाळतो. त्यांच्या दोन-तीन मोळ्या आणि थोडा कडबा मिळाला की गव्हाणी उभी राहते. ज्यांची कपाशी तोवर उपटून होईल, त्यांनी जाताना तरुण संघाकडे नाव द्या. ट्रॅक्टरचं आम्ही बघतो.