तारघर, टेलिफोन एक्सचेंज आणि ट्रंक कॉलची चिठ्ठी: मुंबईचं बोलणं कुठून कुठे जायचं?

हुतात्मा चौकातून चर्चगेटकडे निघालात की एक जुनी दगडी इमारत लागते. सेंट्रल टेलिग्राफ ऑफिस. लोकांच्या तोंडी सीटीओ. मुळात ती बांधली पोस्टासाठी. 1913 मध्ये जीपीओ बोरीबंदरजवळच्या त्या घुमटाच्या इमारतीत गेलं आणि इथे तारेचा संसार पसरला. आज आपण दोन गोष्टींच्या आत शिरणार आहोत. एक, हे तारघर. दुसरी, टेलिफोन एक्सचेंज. आत कुठली खोली कशासाठी, कोण कुठे बसायचं, यंत्रं कुठली, आणि काम हातातून हातात कसं सरकायचं.

एक फरक आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. तार थांबू शकते, फोन थांबू शकत नाही. तारेचा मजकूर कागदावर असतो. लाइन मोकळी नसेल तर तो कागद दहा मिनिटं टेबलावर पडून राहील, पण हरवत नाही. फोनवर दोन जिवंत माणसं एकाच वेळी दोन टोकांना लागतात आणि त्यांच्यामध्ये त्याच क्षणी सलग तार लागते. त्यामुळे तारघरात कागदांची रांग लागते आणि एक्सचेंजमध्ये "लाइन एंगेज आहे" असं ऐकू येतं. दोन्हींची मांडणी वेगळी झाली ती यामुळे.

तारघर आधी घेऊ, ते वयानं मोठं. 1854 च्या सुमारास मुंबई आग्र्यामार्गे कलकत्त्याशी जोडली गेली, 1855 मध्ये तार सामान्य लोकांसाठी खुली झाली. 1870 मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या अवाढव्य जहाजानं मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राखालून केबल टाकली, पुढे ती सुएझपर्यंत गेली आणि लंडन समुद्राखालच्या तारेनं मुंबईच्या टप्प्यात आलं. कापसाच्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीनं ही किती मोठी गोष्ट, ते वेगळं सांगायला नको.

आत काय व्हायचं? काउंटरवर तुम्ही फॉर्म भरून द्यायचा. क्लार्क आधी शब्द मोजणार, कारण पैसे शब्दांवर. पत्त्याचेही शब्द मोजले जायचे, म्हणून पेढ्या आपला एका शब्दाचा तारेचा पत्ता रजिस्टर करून ठेवत. जुन्या लेटरहेडवर 'ग्राम्स' असं लिहून पुढे एखादा विचित्र शब्द दिसतो ना, तो हाच. फॉर्मवर किती वाजता घेतला ती वेळ पडणार, मग तो आत इन्स्ट्रुमेंट रूममध्ये जाणार. एक्सचेंजमध्ये स्विचबोर्डला जो मान, तो इथे या खोलीला. लांबलचक टेबलं, प्रत्येक जागा एका सर्किटची: हे पुण्याचं, हे नागपूरचं, हे कलकत्त्याचं. फॉर्म आला की आधी गावाप्रमाणे छाटणी, मग त्या टेबलावर. तारमास्तर एका हातानं मोर्सची चावी दाबणार. दुसऱ्या टोकाचा तारमास्तर साउंडरची टिकटिक कानानं वाचत सरळ कागदावर लिहीत जाणार. हे मला आजही थक्क करतं. चारही बाजूंनी साउंडर वाजत असताना फक्त आपल्याच यंत्राचा आवाज वेगळा काढायचा, आणि तोही आठ तास.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मुंबईत येणाऱ्या सगळ्या तारा मुंबईच्या नसत. ज्या दोन गावांमध्ये थेट सर्किट नाही, त्यांची तार मोठ्या तारघरात उतरायची, कागदावर यायची आणि दुसऱ्या टेबलावरून पुन्हा पुढे चढायची. म्हणजे एकच मजकूर दोन-तीन वेळा माणसाच्या हातून लिहिला जायचा. चुका व्हायच्या त्या तिथे. म्हणून रकमा आणि महत्त्वाचे आकडे शेवटी पुन्हा एकदा पाठवून ताडून घ्यायची पद्धत होती.

पुढे एकाच तारेवरून दोन्ही दिशांना एकाच वेळी मजकूर जाऊ लागला, त्याला डुप्लेक्स म्हणत. मग मजकूर आपोआप छापणारी, बोदो या फ्रेंच माणसाची यंत्रं आली, मग टेलिप्रिंटर आले आणि टिकटिकीची जागा टाइपरायटरच्या खडखडाटानं घेतली. पण खोलीची शिस्त तीच राहिली. आणि ही शिस्त सोपी नव्हती. 1908 मध्ये देशभरच्या तारखात्यात संप झाला, आणि त्यामागे पाळ्यांच्या नव्या वेळापत्रकाचा राग मोठा होता. यंत्र चोवीस तास चालतं, माणूस चालत नाही, हे खात्याला तेव्हा कळलं.

आता फोनकडे येऊ. मुंबईत एक्सचेंज आलं 1882 मध्ये, खासगी कंपनीचं. कलकत्ता आणि मद्रासही त्याच सुमाराचे. कलकत्त्याच्या पहिल्या एक्सचेंजला सुरुवातीला 93 ग्राहक होते. आकडा हसण्यासारखा वाटेल, पण 93 जणांमध्येही प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट तार टाकायची म्हटली तर चार हजारांहून जास्त तारा लागल्या असत्या. एक्सचेंज ही कल्पनाच मुळी तेवढ्यासाठी आहे. सगळ्या तारा एका जागी आणा आणि तिथे एक माणूस बसवा.

(स्क्रीनवर: हाताच्या स्विचबोर्डचा आराखडा)

सुरुवातीच्या पद्धतीत तुमच्या फोनला हँडल असायचं. ते फिरवलं की एक्सचेंजमध्ये तुमच्या नंबराची छोटी झडप खाली पडायची. ऑपरेटर तिच्यासमोरच्या दोरीच्या जोडीतला एक प्लग तुमच्या नंबराच्या भोकात घालणार, त्या भोकाला जॅक म्हणतात, आणि विचारणार, "नंबर प्लीज?" तुम्ही नंबर सांगितला. आता ती दुसरा प्लग सरळ घुसवत नाही. आधी त्याचं टोक त्या जॅकच्या कडेला नुसतं टेकवते. कानात 'टक्' आलं तर ती लाइन दुसरीकडे कुणी तरी वापरतंय. काही वाजलं नाही तर प्लग आत, आणि घंटीची कळ दाबायची. हे सगळं काही सेकंदांत.

पण ती लाइन दुसरीकडे वापरात कशी असेल? कारण प्रत्येक नंबराचा जॅक बोर्डावर एकदाच नसतो. शंभर-दोनशे ग्राहकांकडून येणारे कॉल एका ऑपरेटरनं घ्यायचे, पण तिला जोडायचं असतं कुणालाही. म्हणून शहरातल्या सगळ्या नंबरांचा पूर्ण संच बोर्डावर थोड्याथोड्या अंतरानं पुन्हा पुन्हा लावलेला असायचा. याला मल्टिपल म्हणतात. आणि त्याला मर्यादा होती ती बसलेल्या बाईच्या हाताच्या पोहोचेची. साधारण 10,000 लाइनच्या पुढे हात पुरत नाही. मग दुसरं एक्सचेंज काढायचं आणि दोन्हींच्या मध्ये जंक्शन लाइन टाकायच्या. शहराची टेलिफोनची हद्द माणसाच्या हाताच्या लांबीवरून ठरत होती.

मुंबईत या खुर्च्यांवर सुरुवातीला बहुतेक अँग्लो-इंडियन आणि पारशी मुली. नंतर मराठी मुली मोठ्या संख्येनं आल्या. डोक्याला हेडसेट, मागे फेऱ्या मारणारी सुपरवायझर. ती कुठल्याही जागेवर मध्येच ऐकू शकायची. गोड आवाजाचं कौतुक पुष्कळ झालंय. मला विचाराल तर खरं कौशल्य त्या 'टक्'मध्ये होतं.

हँडलची पद्धत गेली आणि सेंट्रल बॅटरी आली. आपल्याकडे पहिल्यांदा 1907 मध्ये, कानपूरला. फोन नुसता उचलला की बोर्डावर दिवा लागायचा. फोनला वीज देणारी बॅटरी ग्राहकाच्या घरातून एक्सचेंजमध्ये आली आणि या एका बदलामुळे इमारतीत एक नवी खोली लागली.

तिथूनच इमारत फिरू. तळघरापासून.

सगळ्यात खाली केबल चेंबर. रस्त्याखालून शिशाच्या आवरणातल्या जाडजूड केबल भिंतीतून आत येतात. आतल्या तांब्याच्या तारांना कागद गुंडाळलेला. कागदाला पाणी लागलं की संपलं. म्हणून मोठ्या केबलमध्ये कोरडी हवा दाबून भरत, चीर पडलीच तर हवा बाहेर येईल, पाणी आत जाणार नाही. तरीही पावसाळ्यात मुंबईचे फोन का मरायचे? कारण रस्ता खोदणारा दुसऱ्या खात्याचा. असो.

त्याच्या वर एमडीएफ, मेन डिस्ट्रिब्यूशन फ्रेम. फरशीपासून छतापर्यंत लोखंडी घोडा. एका अंगाला रस्त्याकडून आलेल्या जोड्या, दुसऱ्या अंगाला एक्सचेंजच्या यंत्रांचे नंबर, आणि मध्ये हजारो जंपर वायरी. तुम्ही त्याच भागात घर बदललं तरी नंबर तोच राहायचा ना? ती जादू इथे व्हायची. जुनी जंपर काढली, नवी टाकली, संपलं. फ्यूज आणि विजेपासून बचावाची साधनंही इथेच. लाइनमननं 'फोन डेड' तक्रार घेतली की पहिली चाचणी इथून: बिघाड आत आहे का बाहेर? बाहेर असेल तर मग पिलर, म्हणजे रस्त्याकडेची केबलची पेटी, डीपी बॉक्स, म्हणजे घरांजवळची वाटपाची पेटी, आणि शेवटी तुमच्या गॅलरीतली वायर.

मग बॅटरी रूम. अ‍ॅसिडचा वास, उघड्या मोठ्या सेल, प्रत्येकी 2 व्होल्टची, ओळीनं जोडून 50 व्होल्ट. पॉझिटिव्ह टोक जमिनीला जोडलेलं, लाइन निगेटिव्ह. उलट केलं असतं तर ओलसर जागी तांब्याची तार हळूहळू झिजून गेली असती. शेजारी डिझेल जनरेटर. म्हणून घरची वीज गेली तरी जुना फोन चालायचा; त्याची वीज तुमच्या मीटरवर नव्हतीच. आज फायबरच्या फोनला हे जमत नाही. राउटर बंद, फोन बंद.

आणि वर स्विच रूम. ऑटोमॅटिक एक्सचेंज भारतात आलं ते आधी शिमल्याला, 1913-14 मध्ये. स्ट्रोजर नावाच्या अमेरिकन माणसाची पद्धत. तो स्ट्रोजर कोण, त्याचा धंदा काय होता आणि तो ऑपरेटरवर का चिडला, ही गोष्ट तुम्ही इतर चॅनेलवर ऐकली असेलच, मी सोडतो. यंत्र बघू.

फोन उचललात. तुमच्या लाइनचा छोटा स्विच टर्रकन फिरतो आणि मोकळा सिलेक्टर शोधतो. सापडला की डायल टोन. आता समजा शेवटचे चार आकडे 4137. डायल 4 वरून परत फिरताना लाइन चार वेळा तुटते-जुळते. सिलेक्टरचा दांडा चार पायऱ्या वर चढतो आणि त्या पायरीवर आपणहून आडवा फिरत मोकळी वाट शोधतो. 1 ला पुढचा सिलेक्टर तेच करतो. शेवटचा सिलेक्टर मात्र दोन आकडे घेतो: 3 ला तीन पायऱ्या वर, 7 ला सात घरं आडवा. तिथे तुमच्या मित्राची लाइन. ती मोकळी असेल तर घंटी. म्हणजे ऑपरेटरचा हात, तिचं 'टक्' आणि तिची घंटीची कळ, सगळं पितळ आणि लोखंडात आलं.

धूळ या यंत्राची वैरी. संपर्काच्या पट्ट्यांवर कण बसला की आवाज खरखरणार किंवा राँग नंबर लागणार. म्हणून स्विच रूमच्या दारात चपला काढायच्या, देवळासारख्या. आत थंडगार हवा आणि भर दुपारी बोलणंही ऐकू येणार नाही असा खडखडाट.

सिलेक्टर किती ठेवायचे? ग्राहक 10,000 म्हणून बोलण्याच्या वाटा 10,000 कुणी ठेवत नाही. दिवसाचा सगळ्यात गर्दीचा तास धरायचा आणि त्याला पुरतील एवढ्या. हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग या गणितज्ञानं मांडलं, 1909 पासून. दिवाळीच्या सकाळी फोन उचलल्यावर डायल टोनच येत नसे ते यामुळे. फोन बिघडलेला नसायचा, वाटा संपलेल्या असायच्या. आपल्याकडे हे आणखी बिकट, कारण नव्या फोनसाठी वर्षानुवर्षांची वेटिंग लिस्ट. एका फोनवर अख्खी चाळ बोलायची. नंतरच्या पिढीच्या, पेंटाकॉन्टा क्रॉसबार नावाच्या ऑटोमॅटिक यंत्रांनाही हाच त्रास झाला. दर फोनमागे इतके कॉल धरून ती बनवलेली नव्हती.

आता राहिला ट्रंक, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला केलेला फोन. इथे एक्सचेंज पुन्हा तारघर होतं. मुंबई-पुणे लाइन मोजक्या, बोलणारे पुष्कळ. मग काय करायचं? कागद! तुम्ही 180 फिरवून कॉल बुक करायचा. ऑपरेटर चिठ्ठी लिहिणार: कुठून, कुठे, किती वाजता, साधा का अर्जंट का लाइटनिंग, नंबरावर का ठरावीक माणसासाठी, म्हणजे पीपी. चिठ्ठी त्या गावाच्या टेबलावर जाऊन रांगेत. जास्त पैसे मोजलेत तर चिठ्ठी वर सरकणार. नंबर आला की तुम्हाला घंटी, "तुमचा पुण्याचा कॉल, बोला", आणि तीन मिनिटं झाली की मध्येच, "थ्री मिनिट्स ओव्हर, वाढवायचा का?" कॉल संपल्यावर त्याच चिठ्ठीवर मिनिटं लिहून ती बिलिंगकडे. फोन थांबू शकत नाही म्हणालो ना मी? ट्रंकमध्ये त्याला थांबायला लावलं.

1960 मध्ये कानपूर-लखनौ हा देशातला पहिला एसटीडी मार्ग सुरू झाला, ऑपरेटरशिवाय. 1983 मध्ये मुंबईत ट्रंक लाइनसाठी संगणकावर चालणारं एक्सचेंज आलं. 1986 मध्ये मुंबई-दिल्लीचा कारभार एमटीएनएलकडे गेला. तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली.

पण एसटीडीनं एक नवंच भांडण आणलं. चिठ्ठी गेली, तिच्याबरोबर हिशोबही गेला. एक्सचेंजमध्ये प्रत्येक ग्राहकाचा एक छोटा मीटर, सायकलच्या मैलमापकासारखा. कॉल लांबचा तर तो भराभर पुढे सरकणार. ठरावीक दिवशी मीटरच्या रॅकचे फोटो काढायचे, फोटोवरून आकडे वाचायचे, नव्यातून मागचे वजा, झालं बिल. आता ग्राहक म्हणतो, मी इतके कॉल केलेच नाहीत. खात्याकडे काय पुरावा? एक आकडा. कुठे केला, कधी केला, किती वेळ बोललात, काहीच नाही. म्हणून लोक डायलला कुलूप लावायचे आणि घरातल्या घरात एकमेकांवर संशय घ्यायचे.

तो प्रश्न सुटला डिजिटल एक्सचेंज आल्यावर. ते प्रत्येक कॉलची नोंद ठेवतं: कुठून, कुठे, किती वाजता, किती वेळ. ट्रंक ऑपरेटर पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहायची तेच रकाने.