दऱ्या, दर्या आणि एक छोटा कंपायलर

[दृश्य: काळा पडदा, लुकलुकणारा कर्सर. एक ओळ उमटते: एकूण = दर * नग + ५०]

निवेदन:
बिलाच्या वहीतली असावी अशी ओळ. दराला नगांनी गुणायचं, वर वाहतुकीचे ५० मिळवायचे. ज्या भाषेत ती लिहिली आहे, त्या भाषेत राखीव शब्द सातच: जर, तर, नाहीतर, जोपर्यंत, तोपर्यंत, संपले आणि लिही. एवढ्या भाषेचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या ओळी संगणकाच्या सूचनांत बदलणारा प्रोग्राम, सी भाषेत लिहायला बसलं, तर तो दीड-दोन हजार ओळींत आटोपतो. ही ओळ त्याच्या पोटातून कशी जाते आणि कुठे अडकते, ते पाहू.

[दृश्य: ओळीचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा वेगळ्या चौकटीत]

निवेदन:
पहिलं काम लेक्सरचं. त्याने अक्षरांची सलग माळ तोडून टोकन, म्हणजे सुटे शब्द आणि चिन्हं, करायची. इथे टोकन होतात सात: एकूण, बरोबरचं चिन्ह, दर, गुणिले, नग, अधिक आणि ५०. रोमन अक्षरांत हे काम तासाभराचं. अक्षर दिसलं की नाव सुरू, अक्षर संपलं की नाव संपलं.

तोच नियम देवनागरीला लावला की गंमत होते. दर आणि नग बिनतक्रार पार पडतात. 'एकूण' मात्र मोडतं. 'एक' एवढंच नाव हाती लागतं आणि पुढच्या ऊकाराला लेक्सर 'अनोळखी चिन्ह' म्हणून अडवतो. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, वर्गवारीत 'क' हे अक्षर आहे, त्याच्या पायाशी लागलेला ऊकार अक्षर नाही. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, सगळ्यांची तीच गत. चाचणीला पहिलीच्या पुस्तकातल्यासारखी बिनकान्यामात्रेची नावं घेतली असतील, तर ही चूक महिनोन्महिने दिसत नाही.

म्हणून 'हे अक्षर आहे का' हा प्रश्नच चुकीचा. युनिकोडने दोन वेगळ्या याद्या दिल्या आहेत: नाव कशाने सुरू होऊ शकतं, आणि सुरू झाल्यावर कशाने पुढे चालू राहू शकतं. काना-मात्रा आणि अंक दुसऱ्या यादीत आहेत, पहिल्या यादीत नाहीत.

[दृश्य: '५०' मोठा होतो, शेजारी २५,९८८ हा आकडा]

निवेदन:
आता अंक. सी-मध्ये अंकाचं मूल्य काढायची जुनी युक्ती आहे, अंकाच्या कोडमधून इंग्रजी शून्याचा कोड, म्हणजे ४८, वजा करायचा. देवनागरी ५ चा कोड २४११. त्यातून ४८ गेले, उरले २३६३. शून्याचे तसेच २३५८. ५० रुपयांची वाहतूक २५,९८८ वर जाते आणि कंपायलर चकार शब्द काढत नाही. देवनागरी अंकांसाठी वजा करायचा आकडा २४०६. दोन्ही लिपींतले अंक चालू द्यावेत, पण एकाच संख्येत सरमिसळ दिसली तर तिथेच थांबवावं. अशी संख्या बहुधा कीबोर्ड बदलताना झालेली चूकच असते.

[दृश्य: पडद्यावर दोन वेळा 'दऱ्या'. डोळ्याला फरक दिसत नाही]

निवेदन:
खरी डोकेदुखी ही. 'दऱ्या' हा शब्द तीन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. तीन, र, पायमोडी आणि नंतर 'झीरो विड्थ जॉइनर' हे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. व्हेरिएबलची, म्हणजे दर, नग अशा नावांची, नोंदवही मात्र बाइट जुळवते, त्यामुळे तिच्या लेखी ही तीन वेगळी नावं. 'दऱ्या नावाचं व्हेरिएबल माहीत नाही' असा संदेश येतो आणि त्याच्या वरच्याच ओळीत दऱ्या लिहिलेलं असतं.

पहिल्या दोघांना एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एका ठरीव रूपात आणणारं युनिकोडचं प्रमाणीकरण, एकत्र आणतं. तिसरं त्यातून सुटतं. मग कुणीतरी सुचवतं, अदृश्य चिन्हं सरसकट काढून टाका. तसं केलं की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातली दरी समुद्रात गेली! उपाय नेमका हवा: र, पायमोडी, जोडचिन्ह असा क्रम सापडला की त्या जागी ऱ आणि पायमोडी ठेवायची. ऱ ला जोडचिन्ह लागत नाही, तो पुढच्या अक्षराला आपसूक जुळतो.

[दृश्य: झाडासारखी आकृती. शेंड्याला अधिक, खाली गुणिले आणि ५०]

निवेदन:
पुढे पार्सर. तो टोकनांचं झाड उभारतो. गुणाकार बेरजेच्या खाली बसला की आधी होतो, प्राधान्य म्हणजे तेवढंच. प्रत्येक पातळीला एक फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, लिहायचं: बेरजेचं फंक्शन गुणाकाराच्या फंक्शनला बोलावतं, ते संख्या किंवा नाव वाचणाऱ्याला.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो वजाबाकीवर. '१० - ४ - ३' चं उत्तर ३. बेरजेच्या फंक्शनने उजव्या बाजूसाठी स्वतःलाच बोलावलं, तर आधी ४ - ३ होतं आणि उत्तर येतं ९. स्वतःला डाव्या बाजूसाठी बोलावलं, तर एकही टोकन न खाता ते स्वतःलाच बोलावत राहतं आणि प्रोग्राम कोसळतो. फंक्शनच्या आत साधं लूप लावलं की दोन्ही भानगडी मिटतात. ऋण चिन्हही लेक्सरकडे देऊ नये. त्याने '-५' ही एकच संख्या मानली, तर 'एकूण-५' मध्ये नाव आणि संख्या शेजारीशेजारी उरतात, वजाबाकी गायब.

प्राधान्य ठरवताना घाई नको. सी-मध्ये बिट तपासणाऱ्या 'अँड'चं प्राधान्य बरोबरी तपासण्यापेक्षा खाली आहे. ही सी-च्या आधीच्या बी भाषेकडून आलेली गैरसोय. सी-चे जनक डेनिस रिची यांनी ती पुढे मान्य केली, पण तोवर त्या नियमावर कोड उभा होता. पन्नास वर्षं झाली, लोक अजून तिथे कंस घालतात.

एका 'जर'च्या आत दुसरा 'जर' आला की 'नाहीतर' नेमकं कोणत्या 'जर'चं, हे अल्गोल ६० या जुन्या भाषेपासूनचं दुखणं. इथे प्रत्येक जर 'संपले'ने बंद होतो, म्हणून प्रश्न उरत नाही. आणि 'तर' असल्यामुळे अटीभोवती कंसही लागत नाहीत. मराठीने दिलेली ही फुकटची सोय.

[दृश्य: झाड विरघळतं. सहा सूचना एकाखाली एक:
घे ०
घे १
गुण
स्थिर ०
बेरीज
साठव २]

निवेदन:
झाड पानांकडून शेंड्याकडे वाचलं की बाइटकोड, म्हणजे बाइटमध्ये मांडलेल्या सूचनांची यादी. नावं इथे उरत नाहीत. दर ० क्रमांकाच्या घरात, नग १ मध्ये, एकूण २ मध्ये. ५० हा स्थिरांकांच्या तक्त्यातला पहिला. सगळे मिळून १० बाइट, आणि स्टॅकवर, म्हणजे आकड्यांच्या चळतीवर, एका वेळी जास्तीत जास्त दोन आकडे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात निकलाउस विर्थ यांच्या गटाने १९७० च्या दशकात पास्कल भाषेसाठी पी-कोड काढला, तो याच घराण्यातला. लुआ या भाषेने २००३ मध्ये ५.० या आवृत्तीत स्टॅक सोडून रजिस्टरांची, म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांची, पद्धत घेतली. वेग मिळतो, पण पहिल्या कंपायलरला स्टॅकच बरा.

तक्त्याचा क्रमांक एका बाइटचा, म्हणजे २५६ स्थिरांक. २५७ वा आला की क्रमांक गुपचूप पुन्हा ० होतो आणि भलताच आकडा उचलला जातो. ही तपासणी पहिल्याच दिवशी लिहावी.

'जर' आणि 'जोपर्यंत' यांना उडी, म्हणजे मधल्या सूचना ओलांडून जाणं, लागते. कुठे उडी मारायची ते तेव्हा ठाऊक नसतं, म्हणून दोन बाइट रिकामे सोडायचे आणि 'संपले' दिसल्यावर मागे येऊन भरायचे. अंतर त्या दोन बाइटच्या आधीपासून मोजायचं की नंतरपासून, हे एकदाच ठरवून कागदावर लिहून ठेवावं. दुसरी चूक जास्त लबाड. उडीच्या सूचनेने अटीचं उत्तर स्टॅकवरच ठेवलं आणि ते उचलायचं राहिलं, तर दर फेरीला एक आकडा साचतो. दहा फेऱ्यांची चाचणी छान चालते. २५६ घरांचा स्टॅक अडीचशेच्या पुढे कधीतरी भरतो, आणि माणूस चूक भलतीकडेच शोधत बसतो.

ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे सूचना कमी आणि वेगवान करण्याच्या, मागे इतक्यात लागू नये. स्थिर आकड्यांची गणितं आधीच उरकणं पुरे. त्यातही '५० / ०' दिसलं तर कंपायलरने स्वतः मरू नये. ती ओळ कधी चालणारही नसेल. तिला तशीच पुढे सोडावी.

[दृश्य: चुकीचा संदेश, बाण शब्दाच्या बराच उजवीकडे]

निवेदन:
चुकीखाली बाण काढायचा तर मोजमाप नीट हवं. 'एकूण' डोळ्याला तीन अक्षरं, युनिकोडला चार चिन्हं, यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत १२ बाइट. बाइट मोजून सरकवलेला बाण नऊ घरं पुढे जातो. बाणासाठी डोळ्याला दिसणारी अक्षरंच मोजावीत.

[दृश्य: दर = ४०, नग = ३. ओळ चालते. 'लिही एकूण']

निवेदन:
४० गुणिले ३, अधिक ५०. पडद्यावर येतं १७०, देवनागरीत. फाइलमध्ये लिहिताना मात्र हेच उत्तर इंग्रजी अंकांत जातं, कारण ती फाइल पुढे दुसरा प्रोग्राम उघडणार आहे, आणि त्याचा लेखक बहुधा अजून ४८ च वजा करतो आहे.

[दृश्य: कर्सर पुढच्या रिकाम्या ओळीवर]