हप्ता संपला, तारीख जपा

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापला आहे 'घराचं कर्ज फिटल्यावर पैशाचं नियोजन'. वेळ कसा जातो ते कळत नाही, म्हणून मुख्य म्हणणं आधीच सांगून ठेवते: हप्ता संपला तरी हप्त्याची तारीख संपवू नका. पंधरा-वीस वर्षं दर पाच तारखेला खात्यातून वीस हजार वजा होत होते आणि उरलेल्यात घर चालत होतं. ही घडी बसायला वर्षं लागली, विस्कटायला दोन-तीन महिने पुरतात. नवा फोन येतो, मग गाडी येते, आणि गाडीबरोबर पुन्हा हप्ता.

तिकडे येतेच आहे. पण आधी हात वर करा बघू, कर्ज फिटलेले किती जण आहेत? छान, बरेच आहेत. आता यातल्या किती जणांनी मूळ कागदपत्रं पानं मोजून परत घेतली? चार... पाच. म्हणजे पेढे सगळ्यांनी वाटले, पानं पाच जणांनी मोजली! शेवटचा हप्ता भरला म्हणजे घर मोकळं झालं असं आपण धरून चालतो, आणि हीच माझी जुनी तक्रार आहे.

शेवटच्या हप्त्यानंतरही खात्यावर थोडं व्याज उरलेलं असू शकतं. तेवढ्यासाठी खातं उघडं राहतं. म्हणून आधी खातं शून्यावर आल्याचा उतारा मागा आणि बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं बाकी नाही असं बँकेचं पत्र, घ्या. मग कागद. खरेदीखत, सूची क्रमांक दोन (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), नोंदणीची मूळ पावती आणि सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट. कर्ज घेताना कागद जमा केल्याची यादी मिळालेली असते, ती समोर ठेवून एकेक पान तपासा आणि मगच सही करा. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद हरवले असतील तर नकला मिळवून देण्याचा खर्चही कर्ज देणाऱ्याचा, त्यासाठी आणखी ३० दिवस.

एवढ्यावरही संपत नाही. सरसाई नावाची तारणांची केंद्रीय नोंदवही आहे, तिथला बोजा, म्हणजे घर तारण असल्याची नोंद, बँकेनेच उतरवायचा असतो. उतरला का, ते आपण बघायचं. रो-हाउस किंवा बंगला असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवलेला असेल, तो बोजा बेबाकी दाखला जोडून अर्ज केल्यावरच निघतो. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीला पत्र देऊन तिच्या दप्तरातली बँकेची नोंद काढून घ्यावी. दीड-दोन महिन्यांनी सिबिल अहवालात, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींत, कर्ज 'बंद' दिसतंय का तेही पाहा. दहा वर्षांनी घर विकायला काढल्यावर हे शोधत बसलात, तर तोवर त्या शाखेतली माणसंही बदललेली असतात.

आता घर आपलं, गच्ची आपली, म्हणून दुसरी हौस निघते ती बागेची. चांगलीच आहे, मला फार आवडते. पण सुरुवात कुठून होते? रंगीत कुंड्या, तयार मातीच्या पिशव्या, सेंद्रिय म्हणून विकली जाणारी पाकिटं. पाच-सात हजार गेले आणि हाती आली दोन जुड्या मेथी. काटकसरीची बाग अशी होत नाही.

आपल्या नाशकात टोमॅटो आणि द्राक्षांचे प्लास्टिकचे क्रेट सगळीकडे दिसतात. थोडा तडकलेला जुना क्रेट स्वस्तात मिळतो. आतून जुनं गोणपाट लावा. मळ्यातली काळी माती नुसती भरू नका. ती पाणी धरते, वाळली की दगडासारखी होते आणि कडेने भेगा पडतात. मग पाणी मुळांना न मिळता भेगांतून खाली निघून जातं. दोन भाग माती, दोन भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वर दोन मुठी निंबोळी पेंड. मेथी, पालक, कोथिंबिरीला सहा इंच थर पुरतो. टोमॅटोला मात्र रंगाची २० लिटरची बादली, एका बादलीत एकच रोप.

वजनाचा विचार कोणी करत नाही. वापरात असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर भार धरून आखतात. सहा इंच ओलं मिश्रण भरलेला क्रेट तीस-पस्तीस किलोचा होतो आणि चौरस मीटरमध्ये असे पाच बसतात. म्हणजे चिकटवून मांडले तर मर्यादा तिथेच गाठली. कठड्याच्या कडेने, बीमवर, मध्ये अंतर सोडून मांडा. प्रत्येकाखाली दोन विटा हव्यात. नाहीतर खाली पाणी साचतं, स्लॅब झिरपतो आणि वॉटरप्रूफिंगच्या एका बिलात कित्येक वर्षांची भाजी बुडते. सोसायटीची गच्ची असेल तर आधी परवानगी घ्या.

बी विकत आणायचं नाही, स्वयंपाकघरातलं चालतं. धणे अख्खे घ्या, लाटण्याने हलके दाबून दोन फाकी करा. त्या एका धण्यात दोन बिया असतात. रात्रभर भिजवा, सकाळी सुकवून सुट्या करा आणि अर्धा इंच खोल पेरा. आठ-दहा दिवस वर काहीच दिसत नाही. इथेच लोक धीर सोडतात, रोज जास्त पाणी ओततात आणि बी कुजवतात. मेथीला एका क्रेटला दोन चमचे दाणे. चौथ्या दिवशी उगवते, महिन्याभरात खुडायला येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पालेभाजीचा इथला उत्तम काळ. एप्रिलमध्ये कोथिंबीर पान धरायच्या आत फुलावर येते, तेव्हा तिच्या नादी लागू नका.

मागून ताईंनी विचारलं, मिरचीची पानं का आक्रसतात? तो चुरडा-मुरडा. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी यांचं काम. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी गाळा, किंचित साबण घाला आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. आठवड्याने पुन्हा. फारच आक्रसलेलं झाड उपटून टाका, शेजारची तरी वाचतील.

कंपोस्ट घरीच करा. घंटागाडीत जाणाऱ्या ओल्या कचऱ्यातला बराचसा इथेच जिरतो. रंगाच्या दोन बादल्या घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली दोन इंच वाळली पानं. एक वाटी ओलं तर दोन वाट्या वाळकं, हे प्रमाण सोडू नका. विरजणाला मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक. आठवड्यातून दोनदा हलवा. वास आला म्हणजे ओल जास्त आणि हवा कमी, वाळकी पानं घाला. मुंग्या झाल्या म्हणजे कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. दोन-अडीच महिन्यांनी मूठभर ओलसर खत पिशवीत दोन दिवस बांधून ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार. आंबूस आला तर थांबा, कच्चं खत मुळं जाळतं.

यातून भाजीचा खर्च शून्यावर येईल असं मी म्हणणार नाही. कांदे-बटाटे, वांगी, कोबी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीच्या घाटावरच्या, बुधवारच्या बाजारातच घ्या. घरी ते लावा जे आपण दहा रुपयांचं आणतो आणि निम्मं फेकतो: कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, मिरची.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मग पैशाचं भराभर सांगते.

पाच तारखेलाच वीस हजार वेगळ्या खात्यात जातील अशी सूचना बँकेत देऊन ठेवा. घरखर्च तीस हजार असेल तर सहा महिन्यांचे १ लाख ८० हजार होतात, नऊ हप्त्यांत जमतात. तोवर दुसरीकडे पैसा घालू नका. ही रक्कम पंचवीस-तीस हजारांच्या वेगवेगळ्या ठेवींत ठेवा, म्हणजे अडचणीला एकच मोडावी लागेल.

ठेव कुठे ठेवता ते बघा. बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागे एका बँकेत, सगळ्या शाखा आणि व्याज धरून, ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी पुंजी तिथे टाकू नका. कळकळीने सांगते.

कर्जाबरोबर बँकेने घेतलेला घराचा विमा बहुधा कर्जाबरोबरच संपतो. तो स्वतःच्या नावाने पुन्हा घ्या, 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी आहे. आयुर्विमा बँकेच्या नावे केला असेल तर परत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या करपद्धतीत असाल तर व्याजाची वजावट आता जाणार, नव्या पद्धतीशी तुलना करा.

वर्षातून एकदा येणारे खर्च कागदावर मांडा: घरपट्टी, विमा, दिवाळी, रंगकाम. बेरीज ६० हजार आली तर महिन्याला पाच हजार त्यांच्यासाठी बाजूला. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर महापालिका सवलतही देते. उरलेल्या पंधरा हजारांतून पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी), पण पाच तारखेपर्यंत जमा करा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेला मिळत नाही. वर्षाची मर्यादा दीड लाख, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. आणि सगळ्या खात्यांवर वारस नोंदवलाय का, हे आज घरी गेल्यावरच बघा.

थांबते. दाराशी एक क्रेट भरून ठेवलाय. जाताना त्यातलं मिश्रण मुठीत दाबून बघा: गोळा झाला पाहिजे आणि बोट लावलं की फुटला पाहिजे. पाणी गळलं तर ओल जास्त झाली.